दाराजवळची खाट

"हिरा कुठंय?" पाटोळे सिस्टरांनी विचारलं. खांद्यावरची प्रवासाची पिशवीसुद्धा त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती.

बाळंतिणींच्या वॉर्डात दाराजवळच्या पहिल्या खाटेवर मंदा गभाले बाळाला पाजत बसली होती. तिच्या शेजारची अर्धी खाट रिकामी. नव्या सिस्टरनं सांगितलं की हिरा मेंगाळला सकाळी नऊला सुट्टी दिली, वडापची जीप धरून गेली ती माणसं.

"आणि तिची सुई?"

नवी सिस्टर माझ्याकडं बघायला लागली. मी कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. बसल्या जागेवरून, चांगल्या ठसक्यात, मी म्हटलं, "झालीय सिस्टर. यादीत आता कुणीच बाकी नाही."

सिस्टरांनी पिशवी खाली टेकवली, आत जाऊन फ्रिज उघडला आणि एक छोटं खोकं घेऊन बाहेर आल्या. सील तसंच होतं. खोक्यावर त्यांच्याच अक्षरात हिराचं नाव लिहिलेली चिठ्ठी.

"मग ही कुणाची, मॅडम?"

तीन महिने त्या मला प्राची म्हणत होत्या, अगं-तुगं करत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मॅडम झाले.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. पुण्याच्या एका संस्थेनं मला तालुक्याच्या त्या सरकारी दवाखान्यात सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. काम असं, की दवाखान्यातल्या गोष्टी यंत्राला समजावून सांगायच्या. बाळंतीण म्हणजे कोण, बाळ कुणाचं, खाट म्हणजे काय, कुठली सुई कुणाला लागते. अशी सगळी नाती पक्की मांडून ठेवली की तिला आमच्या धंद्यात ऑन्टॉलॉजी म्हणतात. मांडणी नीट असली की यंत्र तिच्यावरून आपले आपण निष्कर्ष काढतं, आपण न सांगितलेलंही सांगतं. लोक ती वाक्यं एकेक करून हातानं भरतात. मला तेवढा धीर कुठला? मी पायथन नावाच्या संगणकी भाषेत प्रोग्रॅम लिहायचे आणि प्रोग्रॅम ती वाक्यं शेकड्यानं तयार करायचा. एका दुपारी मी चौदाशे वाक्यं पाडली होती, आणि खोटं कशाला बोलू, हे मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

एस्तेर पाटोळे सिस्टरांनाही सांगितलं होतं. वॉर्डच्या इनचार्ज, नोकरीला एकतीस वर्षं झालेली, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की यातलं एखादं वाक्य चुकीचं असलं तर तुला कळतं का गं? मी म्हटलं, यंत्र ओरडतं. कुठं दोन गोष्टी एकमेकींना छेद द्यायला लागल्या की लगेच ओरडतं. त्यांनी मान डोलावली आणि बाळ पुसायला घेतलं.

तर आता त्याच सिस्टर खोकं हातात धरून माझ्या खुर्चीमागं उभ्या होत्या. सुईचं म्हणाल तर प्रकरण साधं होतं. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणापासून बहात्तर तासांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यावं लागतं. आत्ताच्या बाळाला काही होत नाही. पण सुई चुकली तर आईचं रक्त पुढच्या बाळाच्या रक्तावर उठू शकतं. मग ते पोटातच जातं, नाहीतर जन्माला येतं ते हळदीसारखं पिवळं होऊन. मंदा आणि हिरा, दोघी निगेटिव्ह, दोघींची बाळं पॉझिटिव्ह. सोमवारी दवाखान्यात एकच इंजेक्शन शिल्लक होतं, ते मंगळवारी सकाळी मंदाला दिलं. दुसरं मंगळवारी संध्याकाळी जिल्ह्याहून येणार होतं. सिस्टर मंगळवारी दुपारीच दोन दिवसांच्या ट्रेनिंगला गेल्या आणि जाताना नव्या सिस्टरच्या हातात ती चिठ्ठी देऊन गेल्या. तिनं औषध आल्यावर चिठ्ठी चिकटवली, खोकं फ्रिजमध्ये ठेवलं, आणि पुढं मी सांगितलं होतं तसंच वागली. मी सांगितलं होतं की यादी बघत जा, बाकी डोक्यात काही ठेवू नका.

सिस्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय? जुळी, एक."

"या आठवड्यात एक जुळं झालंय ना."

"या आठवड्यात? माझ्या वॉर्डात?" त्यांनी सगळ्या वॉर्डवरून नजर फिरवली. "दिवाळीपासून इथं जुळं झालेलं नाही."

आदल्याच दिवशी जिल्ह्याचे एक साहेब पाहणीला आले होते. त्यांनीही स्क्रीनवर ते जुळं बघितलं होतं, वा म्हणाले होते, आणि मी हसून मान डोलावली होती. वॉर्डात चार पावलं जाऊन ते जुळं बघून यावं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी चुळबुळत काहीतरी बोलायला लागले, पण सिस्टर घड्याळ बघत होत्या. हिराचं बाळ सोमवारी दुपारी तीन पन्नासला झालं होतं. आता गुरुवारचे साडेअकरा.

"चार तास वीस मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "रऊफला बोलवा."

रऊफ इनामदार अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. तो संगमनेरला पेशंट सोडायला गेला होता, तो येईपर्यंत साडेबारा झाले. तोवर सिस्टरांनी लसीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या भरल्या, मधोमध खोकं ठेवलं. मी हिराच्या केसपेपरवरचा नंबर लावत बसले. नंबर नवऱ्याचा, नवरा टोमॅटोच्या तोडणीला बाहेरगावी, फोन बंद. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. मी लॅपटॉप उचलला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

रऊफभाईंनी कुठं जायचं विचारलं. मी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं, की शिंदोडी. गाडी शिंदोडीच्या रस्त्याला लागणार तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "तो सासरचा पत्ता आहे. पहिलटकरीण बाळ घेऊन सासरी कशाला जाईल? आई होती तिची सोबतीला, करवंदवाडीची. डोंगरावर घे गाडी."

माहेर नावाची गोष्ट माझ्या चौदाशे वाक्यांत कुठंच नव्हती, आणि मी स्वतः माझ्या आईच्या माहेरी जन्मलेली.

गाडीत मी यंत्राला विचारलं, की हिराची सुई झाली असं तू कशावरून म्हणतोस. असं विचारता येतं. ते आपल्या पायऱ्या दाखवतं. गाडी खड्ड्यांतून उडत होती, अक्षरं नाचत होती, पण पायऱ्या चारच होत्या. एका खाटेवर एकच रुग्ण असतो. पहिल्या खाटेवर मंदा आहे. पहिल्या खाटेवर हिरा आहे. म्हणून मंदा आणि हिरा एकच.

म्हणजे मंदाला दिलेली सुई हिराच्याही नावावर चढली होती. एका खाटेवर एकच रुग्ण, हे वाक्य मीच लिहिलं होतं. दवाखान्याच्या छापील तक्त्यात तसंच होतं, तीस खाटा, तीस रुग्ण. आता कुणीही म्हणेल की एका खाटेवर दोन बायका दिसल्या तर यंत्रानं चूक झाली म्हणून ओरडायला हवं. पण आमची ही यंत्रं तशी नसतात. दोन नावं म्हणजे दोन माणसं, हे त्यांना आपणहून कळत नाही. ते वेगळं सांगावं लागतं. एकाच माणसाची दोन नावं असू शकतात, असं धरून ती चालतात. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. फक्त दवाखान्यात त्याची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

मी सिस्टरांना सांगितलं.

"म्हणजे तुमच्या यंत्रानं एक बाई पुसून टाकली," त्या म्हणाल्या.

"पुसली नाही सिस्टर. दोघींना एक केलं."

"हिराला त्यात काही फरक आहे?"

मी लॅपटॉप मिटला. मग त्यांनीच विचारलं, की यंत्र ओरडतं म्हणाला होतात ना? मी म्हटलं, दोघींचा रक्तगट वेगळा असता तर ओरडलं असतं. दोघी ओ निगेटिव्ह, दोघी सोमवारच्या. त्याला कुठं काही खटकलंच नाही. एका आईला दोन बाळं दिसली, म्हणून ते जुळं म्हणालं. आणि मग मला राहवलं नाही. चूक माझी होती तरी थोडी कुणाच्या तरी माथी मारावी असं वाटत होतं. मी विचारलं, बाकीच्या जादा बायकांना खाली गाद्या घालता, मग या दोघींनाच एका खाटेवर का कोंबलं?

सिस्टरांनी डबा मांडीवर घट्ट धरला होता. त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं.

"निगेटिव्ह जेवढ्या येतात, तेवढ्या मी त्याच खाटेवर घेते. दाराजवळची आहे. आत येताना दिसते, बाहेर जाताना दिसते. कितीही धावपळ असू दे, नजर पडतेच. आणि खाटेच्या दांडीला गॉजची पट्टी बांधून ठेवते. जेवढ्या सुया बाकी, तेवढ्या गाठी. सुई दिली की एक गाठ सोडायची. एकोणीस वर्षं झाली हे सुरू करून. एक चुकली होती त्या वर्षी, म्हणून सुरू केलं. त्यानंतर एकही चुकली नाही."

रऊफभाईंनी गिअर बदलला. चढ लागला होता.

"या खेपेला दोन गाठी होत्या," त्या पुढं म्हणाल्या. "मंदाची मी सोडली. एक ठेवून गेले, त्या नव्या पोरीला दाखवून गेले. आज बघते तर पट्टीच नाही. पोरगी रडतेय, म्हणते मी नाही सोडली, काल दुपारी बघितली तर नव्हतीच, वाटलं दुसऱ्या पाळीत सुई दिली. यादीतही झालेली होती म्हणे. मला नाही पटत. परत गेल्यावर मेमो लिहिणार आहे. कंत्राटावर आहे, नोकरी जाईल तिची, पण जाऊ दे."

ती पट्टी मी सोडली होती.

बुधवारी सकाळी, साहेब यायच्या आधी, मी वॉर्ड आवरत होते. कुणी सांगितलं नव्हतं. माझं यंत्र बघायला मोठा माणूस येणार, मग मागं कसं सगळं चकाचक दिसायला नको? पहिल्या खाटेच्या दांडीला एक मळकी पट्टी लोंबत होती, मधोमध गाठ मारलेली. मी ती ओढून काढली आणि कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत टाकली. हिरा तेव्हा खाटेवर बसली होती. तिनं तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणणार होती. मी तिला खाटेवरचे कपडे आवरायला सांगितलं.

हे आता सांगायचं, असं ठरवून मी सिस्टरांकडं वळले. आणि म्हटलं, "रस्ता फारच खराब आहे, नाही?"

अकरा वर्षांत मला त्या वाक्याइतकी दुसऱ्या कशाची लाज वाटलेली नाही.

पावणेतीनला रस्ता संपला. रऊफभाई म्हणाले की पुढं गाडी जायची नाही, वर दिसतंय ते करवंदवाडीचं टोक, पायी अर्धा तास. सिस्टरांनी डब्याचा पट्टा गळ्यात अडकवला आणि चढायला लागल्या. मी डबा मागितला, त्यांनी दिला नाही. वय पंचावन्नच्या पुढं, गुडघे दुखरे, दर शंभर पावलांवर थांबून त्या झाडाला हात टेकायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा निघायच्या. मी मागून नुसती घड्याळ बघत होते. तीन दहा. तीन वीस. वाटेत एक म्हातारा गुरं घेऊन भेटला. त्याला विचारलं तर म्हणाला, हिरा ना, सकाळीच आली लेकरू घेऊन, शेवटचं घर. वाडीला पुढून आणि मागून दोन टोकं होती. आम्ही अर्थातच आधी चुकीच्या टोकाला गेलो.

शेवटच्या घरात शिरलो तेव्हा तीन पस्तीस झाले होते.

हिरा चुलीच्या शेजारी गोधडीवर बसली होती, बाळ मांडीवर. तिची आई दारातच आडवी आली. तिला वाटलं काहीतरी वाईट निघालं, पोराला न्यायला आलोत. सिस्टर धापा टाकत खाली बसल्या, एका हातानं तिला थांब म्हणाल्या आणि दुसऱ्या हातानं डबा उघडायला लागल्या. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून मीच सांगितलं, की हिराची सुई चुकून राहिली होती, ती द्यायला आलोय.

हिरानं माझ्याकडं पाहिलं. वीस-एकवीस वर्षांची असेल. रागानं नाही बोलली. साधं सांगितलं.

"म्या सकाळी इचारलं व्हतं. माझी सुई राह्यलीय म्हणलं. त्या नव्या सिस्टर म्हणल्या, कंप्युटरात झालीय. म्या म्हणलं ती मंदीची, माझी न्हाई. तर म्हणल्या, तुझं नाव हाय की झालेल्यांच्या यादीत." मग म्हणाली, "म्या काय मंदी हाय का?"

मी मान खाली घातली. तिला माहीत होतं की ती कोण आहे. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आणि तिच्या शब्दापेक्षा माझ्या यादीचा शब्द मोठा, असं त्या वॉर्डात मीच ठरवून ठेवलं होतं.

सिस्टरांनी दोन मोठे श्वास घेतले आणि सुई दिली. मग घड्याळात बघून केसपेपरवर वेळ लिहिली. तीन एकेचाळीस. हिराच्या आईनं तोवर चहाचं आधण ठेवलं होतं. आम्ही कोरा चहा प्यालो. बाळ झोपेत चोखल्यासारखं तोंड हलवत होतं.

उतरताना अर्ध्या वाटेवर मी थांबले.

"सिस्टर, ती गाठ मी सोडली."

त्या दोन पावलं पुढं गेल्या होत्या. तिथंच उभ्या राहिल्या.

"कधी?"

"काल सकाळी. साहेब येणार होते. घाण दिसत होती म्हणून टाकून दिली."

"आणि गाडीत मी सांगितलं तेव्हा?"

"घाबरले."

त्या वळून चालायला लागल्या. गाडीत रऊफभाईंनी एकदा गाणं लावलं आणि आरशात आमच्याकडं बघून आपणच बंद केलं. दवाखान्यात पोचल्यावर सिस्टर सरळ वॉर्डात गेल्या, वॉर्डचं जाडं रजिस्टर माझ्यासमोर टाकलं आणि त्यावर पेन ठेवलं. नवी सिस्टर भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले.

"लिहा," पाटोळे सिस्टर म्हणाल्या. "मराठीत लिहा. हिला वाचता येईल असं."

मी लिहिलं. पहिल्या खाटेच्या दांडीची गाठ बुधवारी सकाळी मी, प्राची ढवळे, हिनं न विचारता काढून टाकली. यादीतली चूकही माझीच आहे. ड्यूटीवरच्या सिस्टरचा यात दोष नाही. खाली सही केली. नव्या सिस्टरनं ते दोनदा वाचलं आणि तोंड धुवायला गेली. तिचा मेमो निघाला नाही. माझा निघाला, पुण्याहून. काम चार महिने बंद राहिलं.

ते बंद व्हायच्या आधी, शुक्रवारी सकाळी, मी एकच वाक्य यंत्राला नव्यानं सांगितलं, की ज्या बायकांची नावं वेगळी, त्या बायका वेगळ्या. त्यासरशी यंत्र ओरडलं. पहिल्या खाटेवर विसंगती म्हणे. मग मी खाटेचं वाक्य काढून टाकलं. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून कुठलीही नवी मांडणी हातात घेतली की पहिलं वाक्य मी तेच लिहिते. आणि ते प्रोग्रॅमकडून नाही लिहून घेत, हातानं लिहिते.

सिस्टर माझ्याशी पुन्हा कधी मोकळेपणानं बोलतील असं मला वाटत नव्हतं. निघताना मी पाया पडायला गेले तर त्यांनी पाय मागं घेतले.

अडीच वर्षांनी, मी पुण्यात एका मीटिंगमध्ये असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"प्राची, पाटोळे बोलतेय. पुढच्या महिन्यात रिटायर होतेय मी."

मी खुर्ची मागं सारून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले.

"हिरा मेंगाळ आलीय परत. काल मुलगी झाली. पावणेतीन किलो, रंग चांगला, कावीळ नाही, काही नाही. मुलगी पॉझिटिव्हच आहे, म्हणजे हिला पुन्हा सुई लागणार. औषध संध्याकाळपर्यंत येईल."

मी भिंतीला टेकले. समोरून ऑफिसची माणसं ये-जा करत होती. मी कसंबसं विचारलं, की कुठल्या खाटेवर आहे?

"कुठल्या म्हणजे? दाराजवळच्या. राजूरची एक आहे तिच्या शेजारी, तीही निगेटिव्ह. दोन गाठी मारल्यात." मग त्या म्हणाल्या, "यायचं असेल तर ये बघायला. पण पट्टीला हात लावायचा नाही."